मस्ट बी, कॅनॉट बी

लग्न होऊन मी शाळेमागच्या घरात आले तेव्हा मला वाटायचं, इंग्रजीत पेरणीच्याच गोष्टी फार आहेत.

घर म्हणजे शाळेचीच मागची खोली आणि पुढे पडवी. वर्ग आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, बांबूची तट्टी होती, शेणामातीनं लिपलेली. लिपण कुठेकुठे गळून पडलं होतं. तिथून उजेडाचे कवडसे यायचे आणि आवाज तर सगळाच यायचा. हे त्या शाळेत मास्तर होते. शाळा चौथीपर्यंत होती. पुढे पाचवी उघडणार, पाचवीला इंग्रजी लागणार, ज्या मास्तराला इंग्रजी येत असेल त्यालाच इथे ठेवणार आणि बाकीच्यांना आलापल्लीच्या पलीकडे, आत जंगलात पाठवणार, असं सगळे बोलत. म्हणून यांनी पुढची परीक्षा द्यायचं ठरवलं होतं. मुलं घरी गेली की हे रिकाम्या वर्गात बसून मोठ्यानं इंग्रजी पाठ करत. मी इकडे तांदूळ निवडत बसे. कॅन बी, मे बी, मस्ट बी, शुड बी. एकामागून एक बी. धानाचं बी मला माहीत होतं, जवसाचं माहीत होतं. हे कुठलं, ते कळेना.

नवी नवरी काय विचारणार? पण राहवेना. एक दिवस जेवायला वाढताना मी म्हटलं, "का जी, एक विचारू?"

"विचार ना."

"हे मस्त बी कोनतं असते? अन् मे महिन्यात कोन बी पेरते?"

ते आधी माझ्याकडे बघत राहिले. मग इतके हसले की घास हातातच राहिला. "मस्त नाई व, मस्ट. म्हंजे झालंच पाहिजे. मे म्हंजे होईन तर होईन. अन् बी म्हंजे बी नाई."

"मंग काय?"

"बी म्हंजे असणे." मग म्हणाले, "म्हंजे तसं काईच नाई. नुसतं लावाचं असते."

"नुसतं लावाचं असते तेच तर बी," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या धड्याचं नाव बियाचा धडा पडलं.

मी फार बोलणारी बाई नव्हते, आजही नाही. पाणवठ्यावर बाया एकमेकींना विचारायच्या, मास्तरीनबाईला वाचा आहे की नाही. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. पण यांच्याशी बोलताना तसं होत नसे. माझं एखादं वेडंवाकडं बोलणंही ते विचार करून ऐकत. मी चौथी शिकलेली. पाचवीसाठी दुसऱ्या गावी जावं लागलं असतं आणि मुलीला तिथे कोण ठेवणार? त्यामुळे माझी पाचवी ही अशी तट्टीच्या अलीकडे, सुपात तांदूळ घेऊन झाली.

बियाच्या धड्यात करणारा माणूस मागे जात असे, हे मला पहिल्यांदा फार नवल वाटलं. हे समजावून सांगत, "सुतार झाड तोडते, हे आपलं साधं झालं. आता झाड पुढं आनाचं. झाड तोडल्या जाते. झाड तोडल्या जाऊ शकते. झाड तोडल्या गेलंच पाहिजे."

"मंग सुतार कुठी गेला?"

"त्याले मागं ठेवाचं, बाय लावून. नाईतर ठेवाचंच नाई. सगळ्यायले माहीत असला, नाईतर कोनालेच माहीत नसला, तर त्याले सोडून देता येते."

मला ते पटलं. आमच्या भागात सागाचं झाड पडलं की जंगलखात्याचा नाकेदार विचारायला येई. सगळं गाव हात जोडून सांगे, साहेब, झाड पडलं जी. कोणी पाडलं ते कुणाच्याच तोंडून निघत नसे. मी यांना म्हटलं, "आपल्या गावाले तर आधीच इंग्रजी येते." आणि बायांचं तर काय सांगावं? नवी ओळख झाली की पहिला प्रश्न, तुले कुठी देल्ली? मले इथी देल्ली. देणारा कोण, हे कुणी विचारत नाही. मी हेही यांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, "तुले इथी देल्लं ते वाईट झालं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढंच आमचं त्या विषयावर बोलणं.

एकदा मात्र आमचा वाद झाला. पुस्तकात मराठी वाक्य होतं, म्हाताऱ्याच्याने चालवत नाही. त्याची इंग्रजी करायची होती. यांनी केली आणि मला उलट मराठीत सांगितली, "म्हातारा चालत नाही."

"चालत नाई वेगळं अन् चालवत नाई वेगळं," मी म्हटलं. "चालत नाई म्हंजे त्याचं मन नसन. चालवत नाई म्हंजे पाय थकले."

"इंग्रजीत इतकं बारीक नसते."

"काऊन? इंग्रजायचे म्हातारे थकत नाई का?"

ते पुस्तक चाळत बसले. मग म्हणाले, "चालण्याले कर्म नाई. म्हनून बियाच्या धड्यात ते बसत नाई. खाणे, गिळणे, उचलणे, यायले कर्म आहे. त्यायचं होते. कॅनॉट बी लावाचं."

"मंग लावा ना."

"परीक्षेत ते येत नाई," म्हणाले आणि पान उलटलं.

परीक्षेत ते खरंच आलं नाही. हे पास झाले, इंग्रजीत जेमतेम, पण झाले. त्याच सुमारास आमची मुलगी झाली. पुढे पाचवी उघडली आणि यांना तिथेच ठेवलं. गावातल्या लोकांनी मुलीचा पायगुण चांगला म्हटलं.

तिच्याबद्दल लिहायचं तर काय लिहावं? सगळ्यांची लेकरं असतात तशीच ती होती. तिला बोरं आवडत, आंबट असली की जास्त. मार्कंड्याच्या जत्रेत यांनी तिला खांद्यावर बसवलं तर तिनं यांच्या टोपीत बिया थुंकल्या होत्या. नदीच्या वाळूत बसली की उठायचं नाव नाही. माझ्यासारखी ती मुळीच नव्हती, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची. तट्टीच्या भोकाला तोंड लावून वर्गातल्या मुलांना हाका मारायची आणि मुलं धडा सोडून हसायची. तिकडून हे ओरडत, "तुही माय घेऊन जाते का नाई तुले?"

ऐकून ऐकून तिनंही बियाचा धडा उचलला. मस्ट बी म्हणजे झालंच पाहिजे, हे यांनी तिला गमतीनं सांगितलं होतं. मग काही हवं असलं की ती पाय आपटून म्हणायची, "चिंच मस्त बी! बोर मस्त बी!" आणि तिला ते मिळायचं. यांच्यापुढे मस्त बी म्हटलं की काहीच नाकारलं जात नसे.

बोलणं तिचं माझ्या वळणाचं, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं. आमच्याकडे ळ चा र होतो. केळ म्हणजे केर, डोळा म्हणजे डोरा. यांना ते खटके. मास्तराच्या घरात असं बोलणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला आणि तिला समोर बसवून म्हणायला लावत, "गिरते नाई, गिळते म्हना. गिरवणं पाटीवर असते, अक्षर गिरवते माणूस. घास गिळते." मी प्रयत्न करी. ती करत नसे. "गिरते, गिरते, गिरते," म्हणत अंगणात पळायची.

तिचं तिसरं वर्ष सरत होतं. थंडीचे दिवस होते, धान घरात येऊन पडलं होतं. आधी अंग तापलं. आमच्याकडे हिवताप घरोघरी, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. काढा दिला. मग गळ्याच्या दोन्ही बाजू सुजल्या, आवाज बसला. भाताची पेज भरवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "खा माय, थोडीशी." तिनं माझा हात धरला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माय, माह्याच्यानं गिरवत नाई."

खात नाही असं ती म्हणाली नव्हती. नको असंही नाही. एवढ्याशा जिवाला त्या दोन गोष्टींतला फरक बरोबर कळत होता.

हे वर्गातून आले. मी सांगितलं, "पोरीच्यानं गिरवत नाई जी." त्या दिवशी त्यांनी मला सुधारलं नाही. शाळा सोडून दिली आणि पाटलाकडची रेंगी, बैलांची लहान गाडी, मागून आणली.

आमच्या गावाहून आधी नदी आणि नदीपलीकडे मोटारीचा रस्ता. त्या रस्त्यावर पुढे एका मोठ्या गावात सरकारी दवाखाना होता. रेंगीत तिला मांडीवर घेऊन मी बसले. नदीला पाणी कमी होतं, तरी डोंग्यातूनच जावं लागे. डोंगेवाला आम्हाला ओळखत होता. तिला म्हणाला, "काव बाई, आज तुह्या तोंडाचा पट्टा बंद कसा? भाडं कोन देईन?" नेहमी ती त्याला म्हणायची, भाडं मस्त बी. आज तिनं नुसतं बघितलं.

दवाखान्यात गर्दी होती. नवे डॉक्टर साहेब दक्षिणेकडून आलेले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी तुटकी. एरवी कंपाउंडर मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगायचा, पण तो आत कुणाची तरी जखम बांधत होता. बाया भिंतीकडच्या बाकावर बसल्या होत्या, मी तिला घेऊन तिथे बसले. हे रांगेतून टेबलापाशी गेले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. साहेबांनी काही विचारलं आणि यांची पाठ एकदम ताठ झाली. हे इंग्रजीत बोलत होते. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते, पण साहेबांनी मान वर करून बघितलं ते मी पाहिलं. खेड्यातला टोपीवाला मास्तर आपल्याशी इंग्रजीत बोलतो म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. ते हसले. उठून बाकापाशी आले, पोरीच्या कपाळाला हात लावला, नाडी धरली, तिच्या गालाला टिचकी मारली. मागे रांग वाढत होती. ते परत गेले आणि चिठ्ठी लिहिली.

हे औषधाची बाटली घेऊन आले. तोंडावर किती दिवसांनी उजेड दिसला. "साहेब माह्याशी सारं इंग्रजीत बोलले."

"काय म्हनाले?"

"इट मस्ट बी गिव्हन. दिल्याच गेलं पाहिजे. दर दोन तासानं. थोडा हट्ट करन, पण दिल्याच गेलं पाहिजे."

"गिरवत नाई, सांगतलं?"

"सांगतलं ना."

दवाखान्याच्या मागे एक ओसरी होती, लांबून आलेली माणसं तिथे पथारी टाकत. आम्हीही टाकली. दुपारची वेळ होती, ऊन ओसरीच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मी चमच्यात औषध ओतलं. ते लाल होतं आणि कडू वास मारत होतं. हे तिला म्हणाले, "मस्त बी, नाई का? औषध मस्त बी." तिनं तोंड उघडलं. माझी पोर, वडिलांनी मस्त बी म्हटलं म्हणून तिनं तोंड उघडलं. औषध आत गेलं आणि नाकातून बाहेर आलं. तिचा श्वास अडकला, डोळे मोठे झाले. यांनी पाठीवरून हात फिरवला. ती शांत झाल्यावर पुन्हा चमचा भरायला सांगितला. साहेबांनी सांगितलं होतं. दिल्याच गेलं पाहिजे होतं.

शेजारी एक मुसलमान बाई बसली होती. वरोऱ्याला तिचं बांगड्यांचं दुकान होतं. बहिणीच्या गावी आली असताना तिच्या नवऱ्याच्या पायाला जखम झाली, म्हणून ती इथे अडकून पडली होती. तिनं दुसरा चमचाही नाकातून आलेला पाहिला आणि उठून माझा हातच धरला.

"ऐ बाई, जबरदस्ती मत करो. बच्ची जिद नहीं कर रही. उससे निगला नहीं जा रहा."

हे म्हणाले, "डॉक्टर ने बोला है, देना ही पड़ेगा."

"डॉक्टर ने देखा क्या गले में?" ती म्हणाली, "रुको," आणि डोक्यावरचा पदर सावरत तरातरा पुढच्या खोलीत गेली. रांगेतली माणसं ओरडत होती, ओ बाई, लाइन से आओ. तिचा आवाज आम्हाला ओसरीवर ऐकू आला. "साब, वो मास्टर की बच्ची, उससे निगला नहीं जाता. दवा नाक से आ रही है."

साहेब आले ते जवळजवळ पळतच. उन्हाकडे तोंड करून तिला धरायला लावलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि आत पाहिलं. त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. तसा चेहरा झाल्यावर कुणाला काही विचारावं लागत नाही. ते कंपाउंडरला काहीतरी भरभर बोलले आणि मग यांच्याकडे वळले. रागानं नाही, अगदी हळू बोलले.

"यू सेड शी विल नॉट. व्हाय डिड यू नॉट से शी कॅनॉट?"

हे शब्द मला समजले. साहेबांना वाटलं असेल, ही झाडीतली बाई, हिला काय कळणार. पण तट्टीच्या अलीकडे बसून मी ते इतके ऐकले होते की मला विचार करावा लागला नाही. विल नॉट म्हणजे गिळणार नाही. हट्टानं. कॅनॉट म्हणजे गिळवत नाही. आमच्या पोरीनं कॅनॉट सांगितलं होतं. मी यांना कॅनॉट सांगितलं होतं. टेबलापाशी जाईपर्यंत त्याचं विल नॉट झालं होतं.

यांनी मान खाली घातली. त्यांना कळलं की मला कळलं आहे.

घटसर्प आहे, असं कंपाउंडर म्हणाला. सुई दिली. पोरीला आत खाटेवर घेतलं. बांगडीवाली बाई दारात बसून होती, तिचे ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत आमची पोर गेली.

पहिल्यांदा नाडी धरली तेव्हाच गळा पाहिला असता तर ती वाचली असती का, ते साहेबांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. बियाच्या धड्यात शेवटी एक भाग होता. होऊ शकलं असतं, केल्या जाऊ शकलं असतं, वाचवल्या जाऊ शकलं असतं. तो भाग पाठ करताना यांची नेहमी गडबड व्हायची.

लहान लेकराला जाळत नाहीत. नदीच्या त्या काठाला, मोहाच्या एका झाडाजवळ, तिला ठेवलं. मग आम्ही डोंग्यात बसलो. माझ्या मांडीवर तिचं झबलं होतं, मी ते पदराखाली घेतलं होतं. डोंगेवाल्यानं वल्हं मारायला सुरुवात केली आणि म्हणाला, "लेकरू तिकडंच ठेवलं का जी? मामाकडं?"

हे पाण्याकडे बघत म्हणाले, "हो. ठेवलं."

घरी आल्यावर लोक येऊन बसले. देवानं नेली म्हणाले, कुणी नजर लागली म्हणाले. हे सांगत, दवाखान्यात नेलं, औषध दिलं, सुई बी दिली. त्यांचं सगळं सांगणं बियाच्या धड्यातलं होतं. त्यात कुणी काही केलेलं नव्हतं, सगळं नुसतं झालेलं होतं. मी आत बसून ऐकत होते. मला त्यांना काही म्हणायचं नव्हतं, खरंच नव्हतं. मला एवढंच हवं होतं की माझ्याजवळ बसून त्यांनी एकदा ते वाक्य सरळ बोलावं. त्यात करणारा पुढे आला असता तर मी त्याचा हात धरला असता. पण तो पुढे येत नव्हता आणि मी त्याला बोलवू शकत नव्हते. माझ्याच्यानं बोलवत नव्हतं.

आमचं घर असं मुकं झालं. वाढ, उचल, दार लाव, पाऊस येईन, एवढंच बोलणं. इंग्रजीचा एक शब्द त्यांनी घरात काढला नाही. मी ळ म्हणायला शिकले. त्यासाठी आता कुणी मला टोकत नव्हतं, तरी शिकले. र आला की मला अंगणात पळणारे पाय ऐकू यायचे.

आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, शाळेवरची पाटी बदलली. दुसरं लेकरू आम्हाला झालं नाही.

पाचवीच्या वर्गाला दरवर्षी थंडीत तो धडा येई. पोर गेल्यावरच्या पहिल्या वर्षी यांनी तो भरभर उरकला. पुढच्या वर्षी मी पडवीत लाखोळीची डाळ निवडत बसले होते आणि तट्टीपलीकडून त्यांचा आवाज आला. झाड तोडल्या जाऊ शकते. दार उघडल्या गेलंच पाहिजे. मुलं मागून एका सुरात म्हणत होती. मग आवाज थांबला. खडूचा आवाज आला, बराच वेळ. मग ते म्हणाले, "तिच्याच्याने गिळवत नाही."

माझा हात सुपात तसाच राहिला.

एका पोरानं विचारलं, "गुर्जी, काय गिरवत नाई?"

दुसरा ओरडला, "कडू औषध!" सगळा वर्ग हसला. पोरांचा काय दोष? त्यांना काय माहीत?

पोरांचं हसणं थांबेपर्यंत हे थांबले. मग म्हणाले, "हो. औषध. इथे विल नॉट लावायचं नाही. विल नॉट लावलं तर वाक्य चुकते. इथे कॅनॉट बी. म्हणा. इट कॅनॉट बी स्वॅलोड बाय हर."

मुलांनी म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. शेवटी मुलांचा आवाज थकला तरी ते सांगतच होते, म्हणा.

त्यानंतर दर थंडीत ते वाक्य त्या वर्गात यायचं. पुस्तकात ते नव्हतं. गावातली पोरं मोठी होऊन नांगराला लागली, कुणी डेपोत सागाची लाकडं मोजायला लागली, तरी एखादं रस्त्यानं जाताना गमतीनं ते वाक्य म्हणे आणि मी पदर पुढे ओढून घरात जाई. घरी हे त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. धडा झाला की त्या दिवशी उशिरा येत, हातपाय धूत, जेवत.

एका वर्षी धड्याच्या दिवशी ते लवकर आले. मुलं अजून अंगणातून जात होती, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. हे पडवीत तट्टीला टेकून खालीच बसले. बोटांना खडू लागलेला होता. मी गडव्यात पाणी आणून समोर ठेवलं. त्यांनी गडवा उचलला, तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

"का जी?" मी म्हटलं. "पान्याले काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दवाखान्याच्या ओसरीनंतर असं सरळ माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"माह्याच्यानं गिरवत नाई," ते म्हणाले.

त्यात र होता. ज्या माणसानं आम्हा दोघींना समोर बसवून ळ म्हणायला लावला, त्याच्या तोंडून तिचा र आला, जसाच्या तसा, तिनं माझा हात गळ्यावर ठेवून म्हटला होता तसा.

मी गडवा बाजूला सरकवला. जबरदस्ती केली नाही. त्यांच्याजवळ तट्टीला पाठ लावून बसले आणि त्यांचा खडूचा हात उचलून माझ्या मांडीवर घेतला.